तेवीस नंबर

गंगाराम पिटलेवाडाने साल आणून टाकली,
युरियाच्या पोत्यात, सात किलो दोनशे.
"कायला लागलाव ताई हिच्या मागं?
शेळीबी पानं खाती, बोरीची साल तशीच ठिवती."
तापावर काही निघतंय का बघतोय, म्हणाले.
तो हसला. "मंग उकळा अन् प्या की."

उकळून भागलं असतं तर बरं होतं.
पण आत जे आहे ते पाण्यात उतरत नाही.
सावलीत अकरा दिवस, मग गिरणी,
मग मिथेनॉलात तीन रात्री,
मग काचेच्या उभ्या नळीत, पांढऱ्या भुकटीतून
थेंब थेंब खाली.
सात किलोंतून शेवटी उरलं
चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं.
पांढरं, सुयासुयांचं.
कडू आहे का, ठाऊक नाही.
आमच्यात चाखत नाहीत.

पाच कड्या, एकीला एक चिकटलेल्या,
चार सहाकोनी, पाचवीचा एक कोपरा राहून गेलेला,
जसं घाईत बांधलेलं पोळं.
झाडाने हे स्वतःसाठी केलं होतं,
किडीसाठी, उन्हासाठी, कोण जाणे कशासाठी.
आपल्यासाठी नव्हे:
हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

पाण्यात टाकलं तर काचेला चिकटतं,
ढवळलं तर रुसून गोळा होतं.
"अपने इधरकाच है," खाजामियाँ म्हणतात,
"इनें पानी देख्याच कब?"

रक्त म्हणजे शेवटी बरंचसं पाणीच.
म्हणून तिसऱ्या कार्बनवर
ऑक्सिजनच्या मोकळ्या हाताला
एक शेपूट जोडायचं, पाण्याची ओढ असलेलं.

त्यासाठी सहा तास उकळी,
आणि उकळीवर सहा तास गार पाण्याची धार.
नळ येतो आठव्या दिवशी.
खाजामियाँनी घरच्या कूलरची मोटर काढून आणली,
बादलीत बर्फाची लादी फोडली,
आणि तेच ते पाणी फिरत राहिलं
नळीतून बादलीत, बादलीतून नळीत.
बाहेर त्रेचाळीस.
त्यांच्या घरी त्या दुपारी काय झालं असेल
ते मी विचारलं नाही.

पिरिडिनचा वास चार धुण्यांत जात नाही.
विष्णुपुरीहून येताना सिटी बसमध्ये
शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

सिडकोत आमच्या गल्लीत दारोदार ड्रम.
निळे. वर फळी, फळीवर वीट.
आठ दिवसांचं पाणी,
पाचव्या दिवसापासून त्यात वळवळणारे
स्वल्पविराम.
पलीकडच्या तहसीनच्या प्लेटलेट चोवीस हजारांवर आल्या होत्या.
ती आली घरी.
माझ्या बाटलीतल्याचं ज्या पाण्याशी जमत नाही
त्याच पाण्यातून ताप येतो:
हे मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही.

एकतीस केली.
शेपूट लांब, आखूड, दुपदरी,
एकाला नत्र, एकाला साखर.
थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या गाडीने पुण्याला.
दीड महिन्याने कागद आला.
सतरांनी विषाणूच्या आधी पेशीच मारल्या.
तेरा नुसती बसून राहिली.
तेवीस नंबरपुढे हंबर्डे मॅडमनी
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं,
खोडलं,
परत काढलं.
"पुन्हा करा. तीनदा असंच आलं तर बोलू."

गंगारामला फोन लावला, अजून एक पोतं लागेल.
"झाड गेलं की ताई. रस्ता रुंद करू लालेत."
मागे कुठलं तरी मशीन चालू होतं.
मग म्हणाला,
"बुड हाय अजून. धुमारे फुटलेत इतके इतके.
कवळ्या सालीत असतंय का तुमचं ते?"

माहीत नाही, म्हणाले.

वहीचं नवं पान काढलं. तारीख घातली.