जांभळी सावली

आम्ब्रुश पॅरिसहून आला तो
घडीची तिवई, पांढरी छत्री आणि एक नवं खूळ घेऊन.
म्हणाला, एटेल्का, घरात बसून आता कुणी चित्रं काढत नाही.
बाहेर चल. आलुबुखाराच्या झाडाखाली बस,
उन्हात.

मी म्हटलं, अरे, सप्टेंबर आहे.
फांद्या जमिनीला टेकल्यात, गांधीलमाश्यांना ऊत आलाय,
अंगणात तांब्याची कढई रात्रंदिवस चुलीवर,
ढवळणारा हात जरा थांबला
की सगळी गोडी तळाला लागते.

तरी बसले. धाकटा भाऊ.
आई गेल्यावर याला मीच भरवलं,
याचं नाक पुसलं याच एप्रनला.

अकरा दिवस.
रोज दहा ते साडेअकरा. मग ऊन सरकायचं
आणि ऊन सरकलं म्हणून हा माझ्यावर चिडायचा.
हनुवटी वर. नको, एवढी नको.
बोल, पण तोंड हलवू नकोस.
सामोश नदीकडून वारा आला की छत्री उडायची, छत्रीमागे तो.
एकदा ओल्या रंगात माशी चिकटली.
ब्रशच्या दांड्यानं काढली त्यानं, पण एक पाय राहिला;
माझ्या बाहीच्या चुणीत असेल अजून.

चौथ्या दिवशी उठून बघितलं.
गालावर जांभळं, हनुवटीखाली हिरवं,
विहिरीतून तीन दिवसांनी वर काढलेली बाई जशी.
हे काय रे?
सावली, म्हणाला. सावली काळी नसते, एटेल्का.
गवत वर चढतं तिच्यात, आकाश खाली उतरतं.
तुझा चेहरा तुला पाठ आहे, म्हणून दिसत नाही.
मी दिसतं तेच रंगवतो. बस, तेवढंच.

त्या रात्री कढईपाशी मुद्दाम बघितलं.
बोरिश्का वाकून ढवळत होती,
जाळाच्या उजेडात तिच्या मानेमागची सावली
खरंच निळसर होती.
खोटं बोलत नव्हता पोरगा.

मग हातांशी अडला.
तीन आठवडे बिया काढून काढून माझे हात
मनगटापर्यंत जांभळे, नखांत काळे.
राखेनं जात नाहीत, व्हिनेगरनं जात नाहीत,
बर्फ पडेपर्यंत तसेच राहतात दरसाल.
सावलीबिवली काही नाही, नुसता रस.
तो बघत राहिला. बराच वेळ.
मग म्हणाला, मांडीवर ठेव, एकावर एक.
आणि रंगवले गोरे, सायीसारखे,
पाळकाच्या बायकोचे असतात तसे.

मी काही बोलले नाही.
करपल्याचा वास आला म्हणून उठले.

चित्र बुडापेस्टला गेलं. कुणा डॉक्टरनं घेतलं.
वर्तमानपत्राचं कात्रण आलं, खाली छापलेलं:
'बागेत विश्रांती घेणारी स्त्री.'
विश्रांती!
बोरिश्काला हसता हसता ठसका लागला,
पळी कढईत पडली, ती काढताना दोघींचेही हात भाजले.

आलेल्या पैशांतून आम्ब्रुशनं नवी कढई पाठवली,
जुनीच्या दीडपट.
रविवारी पत्र लिहायला बसले.
कढई पोचली. तळ जाड आहे, लवकर लागत नाही.
झाडं यंदाही वाकलीत. तब्येत सांभाळ.
खाली नाव लिहिताना कोपऱ्यात
अंगठ्याचा जांभळा ठसा उमटला.

दुसरा कागद होता घरात.
घेतला नाही.