डाव्या पायाचं काय

गाडी घेतली पद्मजानं, माझ्या गुडघ्यासाठी.
राजारामपुरीतला डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला होता,
भूपालकाका, क्लच बंद.
जसं कुणाला तंबाखू बंद, मीठ बंद.

उद्यमनगरात बाबालाल शिकलगारनं बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
त्याचे वाडवडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे,
हा गिअरच्या दातांवर बोट फिरवून सांगतो
ड्रायव्हर तापट आहे का सोशिक.
इथं बोट फिरवायला काहीच नव्हतं.
"गाडी न्हवं भूपाल, लिफ्ट हाय ही.
बटन दाब आन् हुबा ऱ्हा."

म्हणून तिला घोडदऱ्याच्या चढणीला नेली.
गगनबावड्याच्या अलीकडं डांबर संपतं,
तिथून जांभ्या दगडाची वाट थेट धनगरवाड्यावर.
तेवीस वर्षं वडाप मारलं मी या वाटेवर.
आत नऊ, मागं लोंबकळणारे पाच,
टपावर कोंबड्यांची डालगी,
आणि डाव्या पायात अर्धा क्लच,
ना दाबलेला, ना सोडलेला;
उतू जायच्या आधीचं दूध
नुसत्या आवाजावरनं कळतं, तसा.

पद्मजा चालवत होती. मी शेजारी,
पायाखाली नुसता गालिचा.
पहिल्याच उभ्या टेपाला डावा पाय आपोआप रुतला,
हात गिअर चाचपायला गेला,
हाताला लागली पाण्याची बाटली.
गाडी चढली.
शेवाळल्या कातळावर जरा घुटमळली,
स्वतःशीच काहीतरी ठरवलं,
आणि चढली.
ना हिसका, ना जळक्या क्लचप्लेटचा तो वास
ज्यावरनं बायको मला अंधारात ओळखायची.

मग ते वळण आलं. म्हटलं, थांबव.
ऐन चढावर थांबवली तिनं.
बोटभरसुद्धा मागं सरली नाही.

इथंच एकदा दुसऱ्यातनं पहिला टाकताना
गिअर पडलाच नाही.
दोन्हींच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत,
जिथं गाडी कुणाचीच नसते,
चौदा माणसं घेऊन मी मागं मागं गेलो.
ब्रेक लागला, पण चिखलात चाकं बांधल्या बैलासारखी फरफटली.
धुळू येडगेनं मागच्या फळीवरनं उडी टाकली
आणि चाकाखाली धोंडा सारला,
करंगळीसकट.
ती अजून वाकडी आहे.
त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.
फक्त पुढं कधी भाडं दिलं नाही,
मी मागितलं नाही.

पद्मजाला हे पहिल्यांदाच सांगितलं.
ती स्टिअरिंगकडं बघत म्हणाली,
"या गाडीत झालं नसतं, आप्पा."
नसतंच झालं.

उतरताना मात्र ती बिचकली नाही, हीच पंचाईत.
चढ तिला चाकाखाली आल्यावर कळतो,
उतार अंगावर आल्यावर.
मला वळणाआधीच कळायचा,
करवंदीच्या जाळीमागं आभाळ किती खाली दिसतंय त्यावरनं.
ब्रेक तापल्याचा वास आला तसा मी ओरडलो,
"पहिल्यात घे! असतोय का न्हाई हिला पहिला?"
तिनं दांडी खाली ओढली.
इंजिन घशातनं गुरगुरलं,
माझ्या जुन्या जीपसारखंच,
आणि गाडी गाभण म्हशीच्या चालीनं उतरू लागली.
आम्ही दोघं गप्प.

फुलेवाडीला तिनं गाडी माझ्या हातात दिली.
उजवा पाय दोन मिनिटांत शिकला.
डाव्याला काय करावं कळेना,
तेव्हा उचलून सीटवरच मांडी घातली,
पंगतीला बसल्यासारखी.
"आप्पा, पाय खाली!"
"असू दे की. त्याला सुट्टी हाय."

रंकाळ्याच्या सिग्नलला सगळे थांबले.
भेळेच्या गाड्यांवर दिवे लागत होते.
मांडीत दुमडलेल्या पायाचा अंगठा
हळूच दाबला जात होता,
हिरवा पडायची वाट बघत.