शब्द पन्नास, फेक पन्नास

मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीचे सौदे पुकारले,
म्हणून पोरांनी मला रॅपचा परीक्षक बसवलं.
म्हणाले, काका, तुमच्याएवढा दम आख्ख्या सांगलीत नाही.
हातात कागद, त्यावर दोन रकाने:
शब्द पन्नास, फेक पन्नास.

हरिपूरचा अरमान मुजावर आला
आणि सुटलाच. श्वास कुठं घेतला, कळलं नाही.
पोरं खुर्च्यांवर उभी.
मी कान लावून माल बघत होतो:
बंदूक, पैसा, कुठल्यातरी शहरातली रात्र.
ड्रममध्ये घोळलेलं हळकुंड.
चकाकतं खरं.

मग बुधगावची दीक्षा ऐवळे.
तिसऱ्या ओळीला अडखळली. ठेका पुढं, ती मागं.
शिट्ट्या.
तिनं ठेका जाऊ दिला, साध्या आवाजात म्हणाली,
"आई हळद निवडती यार्डात दिवसभर,
कावीळ झाली, कळलं नाही कुणाला महिनाभर."

हळकुंड पारखायचं तर मोडावं लागतं.
टणका ऐकायचा, आतला रंग बघायचा,
दोन्ही एकाच झटक्यात.
त्याला रकाना कुठला?

आणि मी तरी काय पुकारलं?
नुसते आकडे. शब्द माझा एकही नव्हता.
अरमानला फेकीचे अठ्ठेचाळीस दिले,
हात आखडता घेतला नाही.

दीक्षाचा दुसरा रकाना राहिलाय.
आयोजक पोरगं दोनदा येऊन गेलं.
पेनाला टोपण लावून मी तिची ओळ
सौद्याच्या सुरात म्हणून बघतोय, ओठातल्या ओठात.
बसत नाही.