अर्ध्या सेकंदाची नोंद

विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला तारा फार लांबून येतात,
येता येता दमतात.
कुठं फांदी टेकते, कुठं खार चढते ट्रान्सफॉर्मरवर,
आणि व्होल्टेज गुडघ्यात वाकतं
पापणी लवण्याइतकंच.

कागदाच्या गिरणीला तेवढं पुरतं.
ओला कागद फाटतो, रुळांवर लगदा साचतो,
चार-चार तास माणसं हातांनी खरवडत बसतात.
टॉइवो हालोनेननं अशा रात्री मोजल्या होत्या,
लग्नाच्या वाढदिवसांपेक्षा जास्त भरल्या.

मग सबस्टेशनच्या कुंपणाआड एक ट्रेलर आला.
पांढरा, बिनखिडक्यांचा. गावाला वाटलं, डेअरीचा.
आत हीलियम, उणे दोनशे एकोणसत्तर,
त्यात बुडालेलं एक वेटोळं,
आणि वेटोळ्यात वीज, नुसती फिरत.
कुठं जायचं नाही. घासायला काही नाही.
फेऱ्यामागून फेरा,
आणि एकही फेरा अंगाला लागत नाही.

राखणीला व्हर्ना, टॉइवोची बायको.
पाळी संपताना छापील पट्टी फाडून वहीत डकवायची:
दोन चौदा, रात्र. अर्धा सेकंद. दिला.
पाच एकवीस, पहाट. पाऊण सेकंद. दिला.
‘दिला’ हा शब्द तिचा. यंत्र फक्त आकडे छापतं.
ज्याला दिला त्याला कानोकान खबर नाही;
तो तिकडं डबा उघडून
राईचा पाव आणि खारवलेला मासा खात असायचा.
घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचा,
आज काहीच झालं नाही गं.
ती म्हणायची, माहितीय. तीनदा.

सहाव्या वर्षी, जुलैत, थंडाव्याचा पंप बसला.
ऊब शिरली. ऊबच, दुसरं काही नाही,
चार-दोन अंश,
आणि वेटोळ्याला आठवलं की आपण धातू आहोत.
हीलियम उसळलं, नळीवाटे शिट्टी घालत
आभाळात गेलं.
भर उन्हात गवतावर पांढरं धुकं,
कुंपणापलीकडं एक हरणी मान वर करून थांबलेली.

नवा हीलियम यायला नऊ दिवस.
चौथ्या दिवशी शुक्रवार होता,
गुत्त्यात तळलेल्या माशांवर गर्दी,
आणि दिवे एकदाच लवले.
काटे हवेत थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं,
मग एकमेकांकडं.

झालं काहीतरी, टॉइवो म्हणाला.

व्हर्नाच्या हातात
त्याची टोपी आधीच होती.