कोपऱ्याला गोलाई

कंग्राळकर मास्तरांनी पहिल्या दिवशी
तेलाच्या डब्याची पट्टी कापून हातात दिली.
म्हणाले, वाकव.
वाकवली.
सरळ कर.
केली.
"मोज की गे. तोंडानं मोज."

एकोणीसपर्यंत पट्टी पट्टीच होती.
विसाव्याला दोन तुकडे,
आणि कडा इतक्या तापलेल्या
की हातातून सुटलेच.

"आता सांग, कितव्या वाकण्यानं तुटली?
विसाव्या म्हणशील तर नापास."

सव्वीस वर्षं सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलात काढून
मास्तर उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
आम्हा सात जणांना तपासणी शिकवत.
फळ्यावर विमान काढत, रताळ्यासारखं,
मग त्याला खिडक्या. चौकोनी.
"पहिलं प्रवासी जेट. कॉमेट.
म्हणजे धूमकेतू.
नाव ठेवताना कुणा म्हातारीला विचारलं नसणार."

त्रेपन्न साली कलकत्त्याहून उठलं
आणि वादळात विखुरलं. खापर वादळावर.
चोपन्नच्या जानेवारीत एल्बाजवळ, समुद्रावर.
तिथं वादळ नव्हतं.
कोळ्यांनी माणसं होड्यांत उचलून आणली.
उड्डाणं थांबली. शोधलं. ठोस काही सापडेना.
पुन्हा सुरू केली.
एप्रिलात नेपल्सजवळ आणखी एक.

इथं मास्तर खडू खाली ठेवत.
'पुन्हा सुरू केली'
एवढे तीन शब्द ते फळ्यावर लिहीत
आणि दिवसभर पुसू देत नसत.

"मग अख्खं धूड हौदात घातलं.
कपिलेश्वरच्या तळ्यात गणपती घालतोत तसं,
पण निरोप द्यायला न्हवं, जाब विचारायला."
आत पाणी दाबायचं, सोडायचं, दाबायचं.
दर दाबाला एक उड्डाण,
आत प्रवासी नाही, बाहेर आभाळ नाही.
तीन हजारांच्या जरा पुढं
ते कोपऱ्याजवळ उसवलं,
रिव्हेटच्या भोकापासून.

"धातूला सवय हुतंय असं समजू नको, पोरी.
धातूला आठवण असतंय."

अकरा वर्षांनी
माझ्या टेबलावर एका पंपाची बॉडी.
गेटवर ट्रक, इंजिन चालूच.
लाल डाय लावला, पुसला, पांढरी पावडर मारली,
आणि दहा मिनिटं थांबले. लोक घड्याळं बघत होते.
आतल्या कोपऱ्यातून
एक तांबडा केस
हळूहळू वर आला.

बस्तवाडकर साहेब म्हणाले,
अहो, प्रेशर टेस्टला पास झालंय की.
म्हटलं, एकदाच.

सही केली नाही.
फार मोठं काही घडलं नाही त्यानं.
ट्रकमध्ये दुसरा लॉट भरला,
आठवडाभर मला कुणी चहाला हाक मारली नाही,
आणि ती बॉडी भट्टीत गेली.
ती फुटली असती का, हे मला कधीच कळणार नाही.
ज्याचं काम नीट होतं
त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

मास्तर गेले मागच्या वर्षी. झोपेतच.
डॉक्टर म्हणाले, अचानक.
मी तिथं काही बोलले नाही.

संध्याकाळी मुतग्याच्या वळणावर बस थांबते
आणि कधी कधी विमान अगदी डोक्यावरून उतरतं.
पोरं हात हलवतात.
अंधारात दिव्यांची एक रांग, गोल कोपऱ्यांची,
आणि एका खिडकीत कुणीतरी
काचेला कपाळ टेकवून
आमचे ऊस, आमची कौलं बघत असणार.

चाकं टेकतात.
मी तोंडानं म्हणते,
एक.