उपसा

तीनशे वीस मीटर खाली, पंपघरात,
मी सव्वीस वर्षं पाणी उपसलं.
झाब्झेच्या खाणीत कोळसा काढणारे वेगळे,
त्यांच्यासाठी बँड वाजायचा.
आम्ही त्यांचे पाय कोरडे ठेवायचो, एवढंच.

पंप बिघडतोय हे कानाला आधी कळतं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटायचे.
म्हाताऱ्या आखिमनं शिकवलेलं:
"गुणगुणतोय तोवर घाबरू नकोस.
बोलायला लागला, की पळ."

फेब्रुवारीत ताप आला. साधाच, अख्ख्या गल्लीला आलेला.
मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावर पोचेतो
मी तीनदा जिन्यात बसलो.
बूट चढेनात.
आडवं झालं की छातीत पाणी चढायचं
आणि मला, मला कळेना
कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा.

काळजाचं पाणी पाणी होतं म्हणतात, तसं नव्हे.
खरंच पाणी.

डॉक्टर व्येचोरेकनं पडद्यावर दाखवलं:
ओल्या पोत्यासारखं काहीतरी, जेमतेम हलणारं.
"मेलेलं नाही," ती म्हणाली, "थकलंय.
त्याच्या शेजारी बदली कामगार उभा करू.
त्याला जरा बसू दे."

बदली कामगार मुठीत मावेल एवढा.
पोटातून बाहेर आलेली वायर, कमरेला डबा,
खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या.
मिनिटाला पाच हजार चारशे फेरे. सलग धार.
नर्स बोझेना मनगट धरून बसली आणि हसली:
"नाडी सापडत नाही, एव्हाल्ड,
आणि तुम्ही सूप मागताय!"

काळजाचा ठोका चुकतो म्हणतात.
माझ्याकडे चुकवायलाही एक नव्हता.

रात्री भिंतीतल्या सॉकेटला बांधलेला मी,
खाणीतल्या जुन्या घोड्यासारखा.
त्रूदा छातीला कान लावायची.
"फ्रिज," म्हणायची.
मी तिला खणातला स्क्रूड्रायव्हर आणायला लावला,
टोकाला फडकं गुंडाळून माझ्या बरगडीवर, मूठ तिच्या कानाला.
"गुणगुणतोय?"
"गुणगुणतोय."
"मग झोप."

एक गोष्ट मात्र मला पटेना.
खाण बंद होते, उपसा बंद होत नाही.
आमची बंद पडून नऊ वर्षं झाली, पंप चालूच आहेत.
थांबवले तर पाणी शेजारच्या खाणीत घुसेल,
वर लोकांची तळघरं भरतील.
पंप म्हणजे कायमचा, हे हाडात मुरलेलं.
आणि ही बाई दर महिन्याला
फेरे कमी करून बघते.

पाच हजार. चार हजार सहाशे.
मी छताकडे बघत पाण्याची वाट पाहायचो,
ते यायचं.
अकराव्या महिन्यात चार हजारांवर आणलं.
वाट पाहिली.
आलं नाही.
पडद्यावरच्या पोत्याला पीळ पडत होता.
जुना कामगार उठला होता, डोळे चोळत,
कुणाला न विचारता बाह्या सारत.

त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या दामियानचे फेरे उतरवले,
चार मिनिटांत ओठ निळे.
चोवीस वर्षांचा पोरगा.
त्याचा बदली कामगार अजून पाळीवर आहे.
निघताना मी त्याला माझे बुद्धिबळाचे मोहरे दिले.
दुसरं काय देणार होतो?

पंप मागितला, मिळाला नाही.
तपासायला कंपनीकडे जातो म्हणे.
पिशवी मिळाली. तीत आता बटाटे येतात.

घरी पहिल्या रात्री झोप लागेना.
इतकी शांतता मी फक्त एकदाच ऐकली होती,
खाली, वीज गेली तेव्हा.
अंधारात त्रूदानं माझं मनगट शोधलं,
पिठाचा वास असलेला अंगठा दाबून धरला,
ओठ हलवत मोजत राहिली.
आकडा तिनं सांगितला नाही.
मीही विचारला नाही.