पाणी लागलं नाही

देगलूरच्या पुढं, लेंडी ओलांडली की
काळी माती पातळ होत जाते आणि धोंडे सुरू होतात,
हत्तीएवढे, एकावर एक,
कुणी रचले म्हणून विचारू नये असे.
तिथं मार्चात रिग आली.
गाव घागरी घेऊनच आलं.

किती फुटावर लागलं?
नेरलकर मॅडम म्हणाल्या, लागू नये म्हणूनच चाललंय सगळं.
सरपंचबाईंना वाटलं आपल्याच ऐकण्यात चूक झाली.

माझं काम पेट्या सांभाळायचं.
नळीतून निघालेला दगड, मनगटाएवढा जाड,
धुवायचा, पत्र्याच्या पेटीत ओळीनं निजवायचा,
पांढऱ्या रंगानं खोली लिहायची: ४०२, ४०५, ४०८.
तडा दिसला तर लाल खूण.
तड्यात हिरवट काही साचलेलं दिसलं तर मॅडमना हाक,
कारण तिथून कधीकाळी पाणी गेलेलं असतं.
कधीकाळी म्हणजे किती, मी विचारलं.
त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

विजेची राख आहे, त्या सांगत,
काचेत गोठवलेली, पोलादी डब्यात बंद,
तिला लाखभर वर्षं कुणी उठवायचं नाही.
पाळण्यातल्या लेकराबद्दल बोलावं तसं हळू बोलत.

तिसऱ्या दिवशी पोशट्टी पाणाड्या आला,
तळहातावर नारळ आडवा.
सगळं रान फिरला. नारळ एकदाही उभा राहिला नाही.
ज्या ज्या शेतात "हितं काही नाही" म्हणून
त्यानं दक्षिणा परत केली होती,
तीच शेतं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेली.
"मला आधी विचारायचं की," तो म्हणाला,
"वाळक्या जागा समद्या पाठ हायत मला."
मॅडमनी वहीत खरंच लिहून घेतलं.

रिगवर स्वयंपाकाला दस्तगीर, औशाकडचा.
हा दगड हलत नाही, असं साहेब म्हणाले त्या रात्री
त्यानं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.
"किल्लारीलाबी असंच म्हणत व्हते," एवढंच बोलला.
विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे त्याची बहीण
दगडामातीच्या भिंतीखाली गेलेली.
जळक्या भाकरीचा वास तंबूत बराच वेळ होता.
साहेबांनी ती खाल्ली.

मग शाळेत बैठक झाली: धोक्याची पाटी कशी असावी?
मराठीत लिहा. तेलुगू दोन कोसांवर आहे, तेलुगूत लिहा.
कानडी, उर्दू. चित्र काढा. कवटी काढा.
मारुतीच्या पाराशी आमचा एक जुना दगड आहे,
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव, मध्ये झिजलेली अक्षरं.
ही जमीन जो कुणी बळकावेल त्याच्या आईला—
असली काहीतरी शिवी आहे म्हणे त्यावर.
गावानं तिला शेंदूर फासलाय.
चैत्रात नारळ फुटतात, लेकरांचं जावळ तिथंच.
सात-आठशे वर्षांची शिवी, तिला आम्ही नवस बोलतो.

मॅडम त्या दगडापुढं उकिडव्या बसल्या, खूप वेळ.
उठताना म्हणाल्या, मग पाटीच नको.
सरपंचबाई म्हणाल्या, पाटी वाचतंय कोण, मॅडम?
तहान लागलेला माणूस वाचत नसतो. तो बोअर मारतो.

सहाशे अकरा मीटरवर थांबलो.
भोक सिमेंटनं बुजवलं, वर लोखंडी झाकण, झाकणावर नंबर.
यादीत सात जागा आहेत, आमची कितवी ते कळवतील.
अजून कळवलेलं नाही.

पेट्या ट्रकमध्ये चढताना हिशेबात एक तुकडा कमी भरला.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, आणि वहीत लिहिलं: भग्न.

घरी आई त्यावर लसणाची चटणी वाटते.
वरवंटा चांगला जड आहे, म्हणते, हातात बसतो,
पण खालच्या अंगाला पांढरं काय लिहिलंय रे हे,
किती घासलं तरी जाईना.